"भाऊंची चली" म्हणून ताई मुख्यमंत्री झाल्या? ग्रामसभेत मला उत्तर सुचलं नाही

साकवावरची:

नमस्कार. पेडणे तालुक्यातल्या एका पंचायतीत मी पंच आहे. ऑगस्ट २०२२च्या निवडणुकीत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि घरात प्रश्न आला, उभं कोणाला करायचं? सासूबाई म्हणाल्या, मला साखर आहे, धावपळ झेपायची नाही. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, मला दुकान आहे. उरले मी. राजकारणात मी आले ती अशी. मला १८७ मतं पडली, समोरचीला १६१. त्यातली बरीचशी नवऱ्याच्या क्रिकेट टीमची आणि सासऱ्यांच्या भजनी मंडळाची होती, हे मी कोणी न विचारताच सांगते.

पण तीन वर्षं झाली. आता मला काम कळतं, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

आमच्याकडे शाळेच्या वाटेवर एक साकव, म्हणजे व्हाळावरचा छोटा पूल आहे. मागच्या पावसात त्याचा कठडा वाहून गेला. दुरुस्तीचं अंदाजपत्रक आलं तेव्हा मला लांबी कमी वाटली. संध्याकाळी मुलीला घेऊन गेले आणि शिवणाच्या टेपने साकव मोजला. मुलगी एका टोकाला टेप धरून उभी, मी दुसऱ्या टोकाला, आणि खालून सगळा व्हाळ भरून वाहत होता. निघालं असं, की अंदाजपत्रकात कठडा एकाच बाजूचा धरला होता! जुलैतल्या रविवारच्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि म्हटलं, साकवाला बाजू दोन असतात.

मागून एका वयस्क गृहस्थांचा आवाज आला, "तें तुज्या घोवाक विचारतलों." म्हणजे, ते तुझ्या नवऱ्याला विचारीन. लोक हसले. माझा नवरा तिथेच होता, तोही थोडासा हसला. (त्याचं नंतर घरी काय झालं हा वेगळा विषय.) मी म्हटलं, मतं मला पडलीत, त्याला नाही. आणि याच गोव्यात शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री होत्या, त्यांच्या वेळी पण तुम्ही घोवाला विचारत होतात का?

तर ते म्हणाले, "ताय? ती भाऊंची चली! भाऊ नासले जाल्यार ताय खंय?" (भाऊंची मुलगी ती, भाऊ नसते तर ताई कुठे?)

आणि मी गप्प. कारण ताईंबद्दल मला खरंच एवढंच माहीत होतं: पहिली महिला मुख्यमंत्री, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांची मुलगी. शाळेत एका ओळीपुढे कोणी काही शिकवलंच नाही.

तर विचारायचं असं, की ते गृहस्थ म्हणाले ते खरं आहे का? ताई फक्त वडिलांच्या पुण्याईवर आल्या आणि तेवढ्यावरच टिकल्या? की स्वतः काही शिकल्या, केलं? मला गौरवग्रंथातलं नको. २०२७ला आमचा वॉर्ड बहुतेक राखीव राहणार नाही, आणि तेव्हा उभं राहायचं की नाही हे मला ठरवायचं आहे. ताईंचा आणि माझा संबंध काय, असं कोणी विचारेल. काही नाही. पण त्या दिवशी उत्तर यायला हवं होतं.

थिवीकर:

ते गृहस्थ उद्धट असतील, पण चुकीचं काही बोलले नाहीत. भाऊसाहेब गेले १२ ऑगस्ट १९७३ला. त्याच महिन्यात ताई मुख्यमंत्री. पक्षात काय दुसरं कोणी नव्हतं?

आणि हे तेव्हाचंच आहे असं समजू नका. २०२२च्या विधानसभेत ४० आमदारांत बायका किती आल्या? तीन. ताळगावात जेनिफर मोन्सेरात, पर्येत देविया राणे, शिवोलीत दिलायला लोबो. आणि तिघींचे नवरे कुठे? त्याच सभागृहात, आमदार! पणजी, वाळपई, कळंगुट. आपल्याकडे बाईला तिकीट मिळतं ते घरात एक तिकीट आधीच असतं म्हणून. तुमच्याकडे क्रिकेट टीम आहे, तेवढ्यावर खुल्या वॉर्डात काही होणार नाही. वाईट वाटून घेऊ नका.

जुना लघुलेखक:

बाय, मी इथे सहसा फक्त नाटकांच्या धाग्यांवर असतो. पण हा विषय माझ्या पोटापाण्याचा होता म्हणून लिहितो. लांबेल.

मी विधिमंडळ सचिवालयात मराठी लघुलेखक होतो. १९७६ला लागलो. तेव्हा विधानसभा पणजीत मांडवीच्या काठी, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात भरायची. पर्वरीची इमारत २०००ची. आमचं काम असं की सभागृहात खाली टेबलाशी बसायचं, पाच मिनिटं जे बोललं जाईल ते शब्दन् शब्द टिपायचं, दुसरा येऊन बसला की उठून मागच्या खोलीत ते टाइप करायला जायचं. टाइप होईपर्यंत पुन्हा पाळी. त्यामुळे मला प्रत्येक वादाची पाच मिनिटं तोंडपाठ आणि त्याच्या पुढचं मागचं काही माहीत नाही. पंगतीत वाढणाऱ्याला जेवणाची चव कळते तेवढंच आम्हाला राजकारण कळायचं. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

थिवीकर म्हणतात ते अर्धं खरं आहे. पुरतं अर्धं. दार वडिलांमुळे उघडलं, यात वादच नाही. पण ते दार १९७३ला उघडलं नाही, तिथे त्यांची गफलत होते आहे.

ताई पहिल्यांदा निवडून आल्या १९६७च्या मार्चमध्ये. तो काळ आठवा. त्याच वर्षी १६ जानेवारीला जनमत कौल झाला होता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं केंद्रशासित राहायचं? भाऊसाहेबांचा म.गो., म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जन्मालाच आला होता विलीनीकरणासाठी, आणि कौल गेला विरुद्ध, ३४,०२१ मतांनी. ज्या दुकानात एकच माल होता तोच माल लोकांनी परत केला, आणि दोन महिन्यांत पुन्हा त्याच लोकांकडे मतं मागायला जायचं! त्या निवडणुकीत ताई उभ्या होत्या. म.गो.ला ३० पैकी १६ जागा मिळाल्या, आणि विलीनीकरण हरलेल्या पक्षाला बहुजन समाजाने जमिनीच्या आणि शाळांच्या प्रश्नावर पुन्हा निवडलं. राजकारणात यायला याहून अवघड वेळ मला तरी सुचत नाही. मग १९७२ला राज्यमंत्री, आणि १९७३ला वडील गेल्यावर मुख्यमंत्री. म्हणजे सहा वर्षं त्या सभागृहात होत्या, त्यातली पहिली पाच मंत्रिपदाशिवाय.

तेव्हा देशात त्यांच्याआधी दोनच बायका मुख्यमंत्री झाल्या होत्या. उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी आणि ओरिसात नंदिनी सत्पथी.

पुढची तारीख त्याहून महत्त्वाची. १९७७. भाऊसाहेब जाऊन चार वर्षं झालेली. आणीबाणी उठून काँग्रेसची ठिकठिकाणी वाताहत झालेली, जनता पक्षाची लाट. गोव्यात त्या लाटेला जागा मिळाल्या तीन. काँग्रेसला दहा. म.गो.ला पंधरा, आणि सरकार पुन्हा ताईंचं. आता सांगा, मेलेला माणूस चार वर्षांनी निवडणूक जिंकून देतो का? थोडीफार देतो, आपल्याकडे देतो, मान्य. पण पंधरा?

बाय, तुमच्या कामाचं खरं इथून पुढे आहे. ती पाच वर्षं मंत्रिपदाशिवायची म्हणजे काय? मंत्र्याच्या हाताखाली खातं असतं. नुसत्या आमदाराच्या हातात असतो कागद. तारांकित प्रश्न टाकायचा, म्हणजे मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं. अतारांकित टाकला तर नुसतं लेखी उत्तर येतं. विधानसभेतल्या अशा प्रश्नांना आपल्याकडे सगळे एलएक्यू म्हणतात. नवखा आमदार तारांकित प्रश्न विचारतो, उत्तर येतं "होय, कार्यवाही सुरू आहे", आणि तो समाधानाने खाली बसतो. मुरलेला आमदार मूळ प्रश्न मुद्दाम बावळट ठेवतो. त्याचं सगळं लक्ष पुरवणी प्रश्नावर. तुमचा साकवच घ्या. मूळ प्रश्न, "अमुक साकवाच्या कठड्यासाठी किती रक्कम मंजूर झाली?" मंत्री आकडा सांगतात. मग पुरवणी, "ही रक्कम कठड्याच्या एका बाजूची की दोन बाजूंची?" मंत्री मागे वळून अधिकाऱ्यांच्या सज्जाकडे बघतात. चिठ्ठी येते. ती चिठ्ठी यायला लागतात ती तीस-चाळीस सेकंद, त्यात मी तुम्हाला सांगतो, खात्याचं सगळं कळतं. आम्ही लघुलेखक त्या वेळात पेन्सिल बदलून घ्यायचो.

तुम्ही शिवणाच्या टेपने जे केलंत ते पुरवणी प्रश्नाचंच काम होतं. फक्त ते तोंडी केलंत, कागदावर नाही. त्यावर कोणी तरी पुढे लिहीलच.

दुसरी गंमत कपात सूचनेची. अर्थसंकल्प खात्या-खात्याच्या मागण्या म्हणून मंजुरीला येतो. विरोधक सूचना देतात की या मागणीतून शंभर रुपये कापा. शंभरच. कोट्यवधींच्या मागणीतून शंभर रुपये! हसू येतं, पण ती सूचना मतविभागणीत मंजूर झाली तर सरकारने विश्वास गमावला असाच अर्थ निघतो. शंभर रुपयांत सरकार जाऊ शकतं. एवढं स्वस्त दुसरं काही नाही.

ताईंचं सरकार एप्रिल १९७९ला गेलं. म.गो.चेच तिघे फुटले. पंधराच्या सरकारातून तिघे म्हणजे किती, हे सांगायला नको. पक्षांतरबंदी तेव्हा नव्हती, ती १९८५ला आली, ५२व्या घटनादुरुस्तीने. (आल्यावर गोव्यात काय फरक पडला ते सोडा. २०१९ला काँग्रेसच्या पंधरा आमदारांतले दहा भाजपमध्ये गेले, २०२२ला अकरातले आठ.) २७ एप्रिलला राष्ट्रपती राजवट लागली. लोक मला विचारतात, तुम्ही होतात ना तिथे, कसं झालं? मी मागच्या खोलीत होतो. एका सदस्याचं आधीचं भाषण टाइप करत होतो. बाहेर आरडाओरडा ऐकला, कार्बन सरळ केला आणि ओळ पुरी केली. पळत आत आलो तोवर माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी पाच मिनिटं दुसऱ्याच्या पाळीत गेली होती. तो सहकारी निवृत्त होईपर्यंत मला चिडवायचा.

नळ्यांचं घर:

काका, तुमचं वाचून आजीची आठवण आली. म्हणून मीही लिहिते.

आम्ही मुंडकार. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या भाटात (बागायतीत) घर बांधून राहणारा तो मुंडकार. घर आमचं, जमीन त्यांची. आजी सांगायची, छपराचे नळे बदलायचे तरी आधी भाटकाराकडे जाऊन उभं राहायचं. माडाखाली पडलेलं चुडत उचलायचं तरी विचारायचं. त्यांच्याकडे लग्नकार्य निघालं की आजीने तीन दिवस भांडी घासायला जायचं, आणि त्याला मजुरी म्हणायचं नाही. गेली नाही तर? भाट त्यांचं आहे, घर उचल आणि चल.

मुंडकार कायदा १९७५चा. ताईंच्या सरकारचा. त्याने आधी हे थांबलं की वाटेल तेव्हा कोणाला उठवायचं. मग घराखालची आणि भोवतालची जमीन विकत घ्यायचा हक्क, गावात ३०० चौरस मीटरपर्यंत. पुढच्याच वर्षी कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती आली, कसणारं कूळ शेताचं मालक, ती वेगळी.

आजीला अक्षर वाचता येत नव्हतं. पण मामलेदाराच्या कागदावरचा ३०० हा आकडा ती ओळखायची. कागद बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असायचा, डबा तांदळाच्या पिंपावर. पाहुणा आला की चहा झाल्यावर डबा खाली यायचा, आणि आजी त्या आकड्यावर बोट ठेवून म्हणायची, "हें आमचें."

सगळं गोड नाही. कायदा १९७५चा, आमचा कागद आला १९९८ला. मधली वर्षं वडील कचेरीत खेपा घालत होते. कधी साहेब नाहीत, कधी दुसऱ्या बाजूचे वकील नाहीत. फाइल एकदा हरवली, ती दोन पावसाळ्यांनी सापडली. कितीतरी मुंडकारांच्या हातात अजून काही नाही. कायदा करणं आणि तो दारापर्यंत आणणं यात आमच्या घरातली एक पिढी गेली.

एक मात्र सांगते, त्या ग्रामसभेतल्या आजोबांसाठी. माझी आजीसुद्धा ताईंना "भाऊंची चली"च म्हणायची. पण ती म्हणताना हात जोडायची.

थिवीकर:

मुंडकार कायद्याचं श्रेय नाकारत नाही. आमच्या वाड्यावर पण मुंडकार आहेत. पण मग सगळंच सांगा ना. १९८०च्या जानेवारीत निवडणूक झाली तेव्हा म.गो. पंधरावरून सातवर. त्यानंतर ताई काँग्रेसमध्ये गेल्या. ज्या पक्षाविरुद्ध बापाने आयुष्य काढलं त्या पक्षात! मग भाऊसाहेबांच्या नावाने वेगळा पक्ष काढला, मग पुन्हा म.गो. हे काय म्हणायचं? आणि १९९०ला शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांना अनुदान फक्त मातृभाषेतून शिकवलं तरच, असा निर्णय. त्या शाळांतून शिकलेला मी आहे. पाचवीत इंग्रजी माध्यमात गेलो तेव्हा काय हाल झाले ते मलाच माहीत.

जुना लघुलेखक:

थिवीकर, काँग्रेसमध्ये गेल्या तो निर्णय मलाही पटला नव्हता. तेव्हा आम्ही सचिवालयातले लोक तोंड बंद ठेवून होतो, पण कॅन्टीनमध्ये फार वाद झाले.

अनुदानाबद्दल मात्र माझं वेगळं मत. त्या निर्णयाने मराठी शाळा टिकल्या, आणि चर्चच्या शंभरावर शाळांनी प्राथमिकला इंग्रजी सोडून कोकणी घेतली. मराठीवादी म्हणून हयात गेलेल्या बाईच्या सहीने कोकणी शाळा उभ्या राहिल्या, हे फार कोणी बोलत नाही. मराठीवाल्यांना ते अडचणीचं आणि कोकणीवाल्यांनाही! आणि २०११ला सरकारने इंग्रजी शाळांना पुन्हा अनुदान दिलं तेव्हा ताई ७६ वर्षांच्या होत्या. भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या व्यासपीठावर उभ्या राहिल्या, पूर्वीच्या कोकणी-विरोधकांबरोबर आणि कोकणीवाल्यांबरोबर एकत्र. ना पद होतं, ना तिकीट. २०१६च्या ऑक्टोबरात गेल्या. तुम्हाला पाचवीत त्रास झाला तो खरा, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

साकवावरची:

काका, थिवीकर, नळ्यांचं घर, तुम्हा सगळ्यांची आभारी आहे. रात्री जेवणानंतर सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. १९६७चं आलं तेव्हा ते म्हणाले, बरोबर आहे, आम्ही बैलगाडीवर सिंहाचा झेंडा लावून फिरलो होतो.

एक उपप्रश्न. विधानसभेचं कळलं. पण दिल्लीला, लोकसभेत, गोव्यातली बाई कधी गेली आहे का? नवरा म्हणतो नाही, मी म्हणते असेलच.

जुना लघुलेखक:

एक. संयोगिता राणे, १९८०, म.गो.च्या तिकिटावर पणजी मतदारसंघातून. त्याच म.गो.कडून, जो विधानसभेत नुकताच सातवर आला होता. त्यांच्यानंतर कोणीही नाही. २०२४ला दक्षिण गोव्यात पल्लवी धेंपो उभ्या होत्या, साडेतेरा हजारांच्या आसपास मतांनी पडल्या. राज्यसभेची आपली जागा एकच.

आता २०२३च्या सप्टेंबरात १०६वी घटनादुरुस्ती मंजूर झाली. लोकसभेत ४५४ विरुद्ध २. लोकसभा आणि विधानसभांत बायकांना एक तृतीयांश जागा. जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाली की लागू. आपल्या विधानसभेत चाळीसच्या हिशेबाने तेरा होतात. लोकसभेत आपल्या जागा दोन. दोनाचा एक तृतीयांश किती, हे मी नातीला विचारलं. ती म्हणाली, आजोबा, पाऊण बाईपेक्षा थोडी कमी. तेव्हा नवऱ्याला सांगा, तो हरला, पण थोडक्यात.

माजी सरपंच, सत्तरी:

इतिहास छान चाललाय, मी जरा व्यवहाराचं बोलते. मी एकदा राखीव वॉर्डातून आणि एकदा खुल्या वॉर्डातून निवडून आले. मधे दीड वर्ष सरपंच होते, कारण आपल्याकडे सरपंचपद वाटून घेतात, अर्धं तुझं अर्धं माझं, आणि कोणी वेळेत खाली उतरलं नाही की अविश्वास ठराव. माझ्यावर पण आणला होता.

सरपंच झाल्यावर पहिल्या आठवड्यात बघितलं तर माझ्या टेबलाच्या बाजूला दुसरी खुर्ची. चांगली गादीची. शिपायाला विचारलं ही कोणाची? म्हणाला, तुमच्या ह्यांच्यासाठी, आधीच्या बाईंच्या वेळी पण होती. ह्यांनी तोवर दोनदा बसून चहा पण घेतला होता. दुसऱ्या दिवशी मी ती खुर्ची अंगणवाडीत पाठवली. तिथल्या सेविकेला लाकडी स्टुलावर बसावं लागायचं, तिला बरी झाली. हे आले, इकडे तिकडे बघितलं, थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. घरी यावर आम्ही आजतागायत बोललेलो नाही.

तर ऐक. काकांनी म्हटलं तसं, तू साकवाचं तोंडी बोललीस. तोंडी बोललेलं पंचायतीत वाऱ्यावर जातं. पंधरवड्याच्या बैठकीआधी सचिवाला पत्र दे, विषय अजेंड्यावर घ्या म्हणून. पत्राची पोच घे, शिक्का मारून. पोच नसेल तर पत्र दिलंच नाही असं समज. बैठकीत ठराव मांडलास की सूचक म्हणून तुझं नाव लिहायला लाव, अनुमोदक कोण तेही. आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करायच्या वेळी सगळे चहात असतात, तू वाच. ओळ न् ओळ वाच. मी एकदा न वाचता सही केली, आणि गावच्या एका डोंगराळ जागेच्या ना-हरकतीला माझी संमती असल्याचं त्यात निघालं. ते निस्तरायला मला आठ महिने लागले.

खुल्या वॉर्डाचं म्हणशील तर घरोघर जाताना नवऱ्याला बरोबर नेऊ नकोस. सासूला ने. साखर असली तरी ने, हळूहळू चाला. पुरुष बरोबर असला की लोक त्याच्याशी बोलतात आणि तू पाणी पीत बसतेस.

थिवीकर:

खुर्चीचं वाचून हसलो. बरं, मी आधी म्हटलं की क्रिकेट टीमवर काही होणार नाही. ते मागे घेत नाही. पण पोच घेणारी पंच आमच्या वॉर्डात असती तर मत दिलं असतं.

साकवावरची:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, माफ करा. गणपती होते.

सत्तरीच्या ताईंनी सांगितलं तसं पत्र दिलं. पोच मागितली तर सचिव म्हणाले, घरचंच आहे ना, पोच कशाला? मी उभी राहिले. मग शिक्का सापडेना. मग शाईचं पॅड सुकलेलं. पॅडवर चहाच्या पेल्यातलं थोडं पाणी शिंपडलं आणि शिक्का उठला, जरा पुसट, पण तारीख दिसते.

बैठकीत साकवाचा विषय पाचवा होता. अंदाजपत्रक परत पाठवून कठडा दोन्ही बाजूंचा धरावा, असा ठराव झाला. कोणी विरोध केला नाही, कशाला करतील? ग्रामसभेतले ते आजोबा वाटेत भेटले. त्यांना १९७७चं सांगितलं, पंधरा आणि तीन आणि दहा. ते म्हणाले, "म्हाका खबर आसा, हांवें मत घाल्लां तिका." मी विचारलं, मग ग्रामसभेत असं का बोललात? तर म्हणाले, तू पण उलट बोललीस ना, आणि घरून दोन दोडकी पाठवून दिली.

काल इतिवृत्ताची वही समोर आली. सगळे चहात होते. मी वाचत गेले. पाचवा विषय, साकव, ठराव बरोबर, दोन्ही बाजू बरोबर. सूचक म्हणून लिहिलं होतं "सौ." आणि पुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव. माझं नाव कुठेच नव्हतं. सचिव म्हणाले, एकच की ते. मी त्यांच्याच पेनाने नवऱ्याच्या नावावर रेघ मारली, वर माझं लिहिलं आणि खाडाखोडीच्या बाजूला त्यांची सही घेतली.